शिवणीचा ठसा

आबांच्या पहिल्या स्मरणदिनाला चार दिवस उरले असताना पपांनी ते चित्र घरी आणलं. बुधवार होता. शिरूरच्या मिशन शाळेला अर्धी सुटी, आणि पपा तिथे सुतारकाम शिकवत. वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवला, हात धोतराला पुसले आणि वरची एक प्रत आईसमोर धरली.

"हे कोण?" आईनं विचारलं. मग तिचं तिलाच कळलं आणि तिनं प्रत पटकन हातात घेतली. "अहो, हे तर आबा!"

कागदावर नऊवारी नेसलेली एक बाई बसली होती. पदर खांद्यावरून पुढे, हनुवटीखाली दोन बोटं, नजर जरा बाजूला. सगळ्या रेघा काजळीच्या, आणि लुगड्याला फिकट निळा रंग. कानाच्या वरच्या कडेला बुगडी होती. खाली पपांनी लाकडात कोरून छापलेली अक्षरं होती: हौशीराम. चौदा वर्षे तमाशाच्या फडात नाच्या. सत्तेचाळीस वर्षे शिरूर मिशनमध्ये माळी. मृत्यू १७ जुलै १९५९.

राहेलआत्या दारात भाजी निवडत होती. ती उठली, चष्मा लावला, चित्र पाहिलं आणि चष्मा काढून परत डबीत ठेवला.

"नथू, बापाला लुगडं नेसवलंस?"

"म्या न्हाई नेसवलं, अक्का. त्यानंच नेसलं व्हतं. चौदा वर्सं."

आमच्या घरात ही गोष्ट त्या दिवसापर्यंत कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. आबांच्या कानाला वर भोक होतं. ते नवसाचं, असं आम्हाला सांगितलेलं. आबा मिशनच्या बंगल्यातल्या गुलाबांना पाणी घालायचे, रविवारी शेवटच्या बाकावर बसायचे, आणि चालताना कधी चुकून पाऊल तालात पडलंच तर स्वतःच थांबून उगाच वहाण झटकायचे. मला खरं ठाऊक होतं, पण ते आबांकडून नव्हे. जपानच्या चित्रांमुळे.

पपा लष्कराच्या सुतारांत भरती होऊन लढाई संपल्यावर जपानला गेले होते. सत्तेचाळीस साली परत आले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. विल्यमसाठी त्यांनी शिट्टी आणली, आईसाठी रेशमी रुमाल, आणि स्वतःसाठी सात चित्रं. लाकडाचे ठसे कोरून चित्रं छापणाऱ्या एका म्हाताऱ्यानं साखर आणि डब्यातल्या दुधाच्या बदल्यात दिलेली. सहा चित्रं आमच्या बैठकीत लागली. तिरळे डोळे करून मूठ वळलेला सरदार, दातात कागद धरलेला चोर, छत्रीखालची बाई. सगळे तिकडच्या नाटकातले नट. शिरूरला दुसऱ्या कोणाच्या घरी असलं काही नव्हतं. बंगल्यातल्या मडम पाहुणे आले की त्यांना मुद्दाम आमच्याकडे घेऊन येत.

पपा माझ्याशी या चित्रांबद्दल जेवढं बोलले तेवढं दुसऱ्या कशाबद्दलच बोलले नाहीत. कपाळापाशी केस सुरू होतात तिथे बोट ठेवून म्हणायचे, "हितं बघ. एका सुताच्या रुंदीत दहा केस. लाकडावर केस कोरायचे न्हाईत, दोन केसांमधलं लाकूड काढायचं. केस आपोआप ऱ्हातो." बाहीवरचं चिन्ह दाखवून सांगायचे की यावरून नट कोण ते ओळखायचं, सोंग बदललं तरी चिन्ह बदलत नाही. छत्रीखालच्या बाईच्या कपाळावर जांभळ्या कापडाची पट्टी होती. "ही बाई न्हाई," पपा म्हणाले. "गडी हाय. तिकडं बायकांची कामं गडीच करत्यात. पुढचे केस भादरलेले दिसू नयेत म्हनून ही पट्टी." मी हसले. ते हसले नाहीत. "तुझे आबाबी असंच काम करायचे," ते म्हणाले. "ह्ये कुनाला सांगायचं न्हाई. पन तुला ठाऊक असावं."

सातवं चित्र त्यांनी कधी भिंतीवर लावलं नाही. ते पेटीत असायचं. फिकट निळ्या अंगरख्यातला शांत बसलेला माणूस, हातात माळ, बाजूला उभी अक्षरं. तिकडे मोठा नट मेला की त्याचं असं चित्र कोरून छापतात. त्यावर मेल्याची तारीख असते, आणि लोक ते घरी घेऊन जातात. "लोकं नटाचं सुतक पाळत्यात," पपा म्हणाले होते. मला ते तेव्हा समजलं नाही. आबा गेले आणि पपा रोज संध्याकाळी सुतारखान्यात थांबू लागले, तेव्हा समजलं.

पहिले कित्येक महिने त्यांना लाकूडच गवसत नव्हतं. साग रेघाळ, बारीक रेघ तुटायची. बाभळ पटाशी उलटवायची. शेवटी शिवणीची फळी मिळाली. पुण्याहून हातकागद मागवला. रंग पाण्यातला, भाताच्या खळीत कालवलेला. कागद घासायला जपानी लोक बांबूच्या पानाची चकती वापरतात. पपांनी सुतळीची चकती गुंडाळून वर केळीचं सोपट बांधलं. आणि निळा रंग म्हणून आईच्या डब्यातली कपड्यांची नीळ.

"ह्ये रविवारी वाटायचं," पपा म्हणाले. "स्मरणसभेला येतील त्यांना एकेक."

"वाट," आत्या म्हणाली. "आन् मग मंडळीत तोंड दाखव."

"अक्का, भितीवर बघ." पपांनी छत्रीखालच्या बाईकडे हात केला. "तेरा वर्सं ह्यो हितं हाय. मडम येत्यात, पाळक येत्यात, समदे वा वा करत्यात. जपानचा नाच्या बैठकीत चालतो. आपला का न्हाई चालत?"

"तो माझा बाप न्हाई, म्हणून चालतो."

आईच बोलली. आई अहमदनगरच्या बोर्डिंगात वाढलेली, हळू आणि पुस्तकी बोलणारी. "मी लग्न होऊन आले तेव्हा मला नऊवारी नेसता येत नव्हती," ती म्हणाली. "बोर्डिंगात शिकवलंच नव्हतं. तुम्ही हसला होता, अक्का. सासूबाई नव्हत्या. आबा पाठ फिरवून ओट्यावर बसले आणि भिंतीकडे तोंड करून मला एकेक गोष्ट सांगत गेले. आता निऱ्या घाला, आता कासोटा मागं, आता जरा वाकून बघा. एकदाही मागं वळले नाहीत. असं लुगडं मला पुन्हा कोणी शिकवलं नाही." तिनं चित्रातल्या निऱ्यांवरून बोट फिरवलं. "बरोबर आल्यात. वाटा तुम्ही."

मी आईकडे पाहतच राहिले. तिलाही ठाऊक होतं तर!

पपा माझ्याकडे वळले. "वाटायचं काम तुझं, रूथ. म्या दिलं तर लोकं माझं तोंड बघतील. तू शिकलेली हायेस, तुझ्या हातनं घेतील."

"देईन," मी म्हणाले. मी मनापासून म्हणाले. हे इथे लिहून ठेवते, कारण त्यानंतर मी जे केलं त्यावरून कोणालाही वाटेल की मी आधीपासूनच कच्ची होते.

*

आत्याची बाजू मला फार पुढे कळली. तिनंच सांगितली, सत्तरीकडे झुकल्यावर.

ती सहा वर्षांची असताना तिच्या आईनं तिला बैलगाडीतून एका जत्रेला नेलं. कनातीच्या कडेनं तिला उचलून धरलं आणि म्हणाली, तुझा बा बघ. तिला बाप दिसेना. पुढे एक देखणी बाई नाचत होती, लोक पैसे फेकत होते, ओरडत होते. मग ती बाई कनातीमागं आली आणि आत्याला उचलायला वाकली. आत्या किंचाळली. "त्या दिवशी मला दोन आया दिसल्या, आन् बाप कुठंच न्हवता," ती म्हणाली. वर्षभरानं आबांचा बाप्तिस्मा झाला, आत्या मिशनच्या शाळेत गेली, आणि तिथं ती प्रार्थनेला उभी राहिली की मागच्या बाकावरच्या मुली हळूच टाळ्यांचा ठेका धरायच्या. तिनं मग आयुष्यभर पांढरं लुगडं नेसलं. बायबल-बाई होऊन गावोगाव वचनं सांगत फिरली आणि कुठल्याही गाण्याला कधी मान डोलावली नाही.

"नथू जन्मला तवर समदं संपलं व्हतं," ती म्हणाली. "त्याला त्यातलं नुसतं चित्र दिसलं. मला आवाज ऐकू यायचा."

*

शनिवारी दुपारच्या एस.टी.नं विल्यम दौंडहून आला. तो तिथे लोको शेडमध्ये फायरमन होता. कोळशानं काळी झालेली नखं आणि पाठीवर थाप मारून बोलायची सवय त्यानं दौंडहूनच आणलेली. चित्र पाहून तो खो खो हसला.

"आई शप्पत! आबा काय देखणे दिसतायत! पपा, फर्स्ट क्लास!" मग त्याला काहीतरी आठवलं आणि त्यानं चित्र उलटं ठेवलं. "पण हे उद्या नको."

"का?"

"योहानराव येतायत उद्या, बायको घेऊन. म्हणाले, मागणीचं बोलणं नाही, नुसते स्मरणाला येतो. पण मुलगी बघायलाच येतायत, दुसरं काय."

योहानराव दौंडचे मेल गार्ड, शिवाय चर्चच्या कारभाऱ्यांतले, मंडळीचे वडील. त्यांच्या मुलासाठी विल्यम चार महिने खटपट करत होता. मुलाला मी नाताळात एकदा पाहिलं होतं. तो वाचनालयाचं पुस्तक परत करायला निघाला होता आणि रस्त्यातच उभा राहून शेवटची पानं वाचत होता. मी त्याचा विचार करत असे. घरात ते कोणाला सांगितलं नव्हतं, पण विल्यमला कळलं होतं.

"त्यांना काय सांगू, पपा? नवऱ्या मुलीचा आजा नाच्या होता?"

"खरं हाय ते."

"खरं असेल. पण लग्न झाल्यावर खरं. आधी नाही!"

"विल्यम, मोठ्यानं बोलू नको," आई म्हणाली. आणि त्या एका वाक्यानं मला कळलं की आई आता पपांच्या बाजूला राहिली नाही. तिनं बाजू बदलली असं म्हणणं बरोबर नाही. ती आबांच्या बाजूची होती, तशी माझ्याही बाजूची होती; आणि आबा गेलेले होते.

पपा शांतपणे म्हणाले, "पाबळहून पाशाचाचा येनार हायेत उद्या. म्या कार्ड टाकलंय त्यांना. आबा नाचायचे तवा ढोलकी त्यांची. शहात्तरीला आलंय म्हातारं. चित्र देतो म्हनून बोलावलंय."

"मग त्यांना एकट्याला द्या, गपचूप."

"गपचूप द्यायचं म्हनून न्हाई कोरलं, विल्यम. गपचूप तर आबांनीच पन्नास वर्सं काढली." ते उठले. "रूथच्या हातात हाय. ती म्हनंल तसं."

संध्याकाळी आईनं माझ्या केसांना तेल लावलं. वेणी घालून झाली तेव्हा म्हणाली, "तू ठरव." ती जर नको म्हणाली असती तर मी चिडून चित्रं वाटली असती. हे तिलाही ठाऊक असावं.

*

रविवारी चार वाजता बैठकीत सतरंजी घातली. तीसेक माणसं आली. योहानराव उंच, काळा कोट, खिशात साखळीचं घड्याळ. त्यांच्या पत्नी सारख्या माझ्या हातांकडे पाहत होत्या. पाळकसाहेबांची प्रार्थना सुरू असताना दार हळूच ढकललं गेलं आणि एक म्हातारा आत आला. डोक्यावर जुनी जरीची टोपी, पायांत धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा. त्या त्यानं बाहेर काढल्या आणि दाराशीच बसला. पाशाचाचा. आमेन म्हणायच्या वेळी त्यांनीही सगळ्यांबरोबर मान वाकवली.

गठ्ठा माझ्याजवळ होता, स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलावर, फडक्याखाली. शेवटचं गीत झालं की वाटायचं, असं ठरलं होतं.

गीत झालं. लोक सैल होऊन बसले. योहानराव उठून भिंतीपाशी गेले.

"मास्तर, ही चित्रं जपानची ना? विल्यम सांगत होता." ते छत्रीखालच्या बाईसमोर थांबले. "काय देखणी बाई आहे हो!"

"बाई न्हाई, गडी हाय," पपा म्हणाले. "नट हाय नाटकातला. आयुष्यभर बाईचीच कामं केली त्यानं."

"काय सांगता!" योहानरावांनी चष्मा वर केला आणि अगदी जवळ जाऊन पाहिलं. "अहो, पण काय कला! कुठं पुरुष म्हणून कळत नाही. याला म्हणायचं साधना!" ते पत्नीकडे वळले. "बघितलंस का? पुरुष आहे हा!"

खोलीत सगळे हसले. आत्या खाली पाहत होती. पपा मात्र योहानरावांकडे पाहत नव्हते. ते सरळ माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. लग्नाच्या बोलणीत एखाद्याला होकार आला की तो जसा दिसतो, तसे ते दिसत होते. याहून चांगली वेळ येणार नाही, असं ते डोळ्यांनी मला सांगत होते.

मी फडकं बाजूला केलं. वरच्या प्रतीवर आबा बसलेले होते, हनुवटीखाली दोन बोटं. नाच्या हा शब्द मला एकदम फार ठळक दिसला. योहानरावांच्या पत्नी पुन्हा माझ्या हातांकडे पाहत होत्या. मी गठ्ठा फडक्यासकट उचलला, आत गेले आणि पिठाच्या डब्यामागं ठेवला. शेजारी केळ्यांची परात होती. ती घेऊन बाहेर आले आणि केळी वाटायला लागले.

पपांनीही एक केळं घेतलं. ते त्यांनी सोललं नाही.

"पोरी," दाराशी पोचले तेव्हा पाशाचाचा म्हणाले, "हौशीची नात व्हय तू? नाक त्याचंच हाय." मग पपांना हाक मारून म्हणाले, "नथू, आरं ते चित्र म्हनत व्हतास ना? माझं मला दे, म्हंजी साडेपाचची पाबळ गाडी गाठतो."

योहानरावांनी वळून पाहिलं. "कसलं चित्र?"

पपा तोंड उघडणार तेवढ्यात मी बोलले. "अजून वाळलं नाही, चाचा. रंग ओला आहे."

हे खोटं आहे एवढं घरच्यांना कळलं; किती खोटं आहे ते फक्त पपांना ठाऊक होतं. पाण्यातला रंग तासाभरात वाळतो. ते चित्र महिनाभरापूर्वीच वाळलेलं होतं. पपा माझ्याकडे पाहत राहिले, मग हातातल्या केळ्याकडे.

"व्हय, चाचा," ते म्हणाले. "वाळायचं हाय अजून."

"मग वाळू दे की. घाई कसली?" म्हातारा उठला, हसला. "ओलं नेलं तर पुसंल. वाळलं की कळव. म्या येतो, न्हाईतर पाठव कुनाबरोबर." पपा त्यांना सोडायला स्टँडपर्यंत गेले. योहानरावांनी घड्याळ पाहिलं आणि विल्यमच्या पाठीवर थाप मारली.

येशूला तीनदा नाकारल्यावर पेत्राला निदान कोंबडा आरवलेला ऐकू आला. आमच्याकडे त्या वेळी चहाच्या कपबश्याच वाजत होत्या.

*

सोमवारी सकाळी गठ्ठा पिठाच्या डब्यामागं नव्हता. पपा त्याबद्दल बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. मला वाटलं, पेटीत ठेवला असेल, लग्न झालं की काढतील. त्याच वर्षी डिसेंबरात लग्न झालं. मी दौंडला आले.

लग्नाच्या सामानात पपांनी स्वतः केलेला एक पोळपाट होता. त्यांनी तो वेगळा, फडक्यात बांधून हातात दिला. मी सोडून पाहिला, सहज उलटा केला. खालच्या बाजूला कोरलेल्या रेघा होत्या. उलटा चेहरा, उलटी बुगडी. फळी गोल कापल्यामुळे कडेची अक्षरं सगळी गेली होती; नाव, तारीख, नाच्या, माळी, काहीच उरलं नव्हतं. तीन पाय बसवले होते.

मी मान वर केली. पपा म्हणाले, "शिवणीचा हाय. पीठ चिकटायचं न्हाई."

मी "बरं" म्हणाले.

मी त्यांना काहीतरी म्हणायची तीच एक वेळ होती. नंतर आठ वर्षांत मी वीस-पंचवीस वेळा माहेरी गेले असेन, पपाही दौंडला आले. आम्ही पुस्तकांवर बोललो, विल्यमच्या मुलांवर बोललो. एकदा त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात पोळपाट पाहिला आणि पाय हलतात का ते हात लावून बघितलं. एवढंच.

सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात तो घासताना विचारलं होतं, "मागं हे काय गं कोरलंय?"

"नक्षी आहे," मी म्हणाले.

आणि हेही लिहायला हवं. माझे सासरे योहानराव रोज सकाळी दाढी करताना आरशासमोर लावण्या गुणगुणत. खड्या, जुन्या, तमाशाच्या बोर्डावरच्या. तरुणपणी ड्यूटी संपली की ओळखू येऊ नये म्हणून कोट उलटा घालून ते फडात जाऊन बसत, असं त्यांनी स्वतःच एकदा हसत हसत सांगितलं. मी त्या वेळी पोळ्या लाटत होते.

*

एकोणसत्तरच्या फेब्रुवारीत पपा गेले. कबरस्तानातून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी आणि आत्या सुतारखाना आवरत होतो. सरसाची शेगडी बाजूला सारताना आत्या थांबली.

"यात घातली त्यानं," ती म्हणाली. "आबांची चित्रं. त्या सोमवारी सरस तापवत बसला व्हता, एकेक कागद घालत व्हता. म्या दारातनं बघितलं."

"तू काही म्हणाली नाहीस?"

"न्हाई." तिनं शेगडीवरची राख उगाच पुसली. "मला वाटलं, सुटले. घरी गेले, दार लावलं, आन् मग कळंना मला रडू कशाचं येतंय." थोड्या वेळानं म्हणाली, "एक तरी मागून घ्यायला पायजे व्हतं. माझा बाप व्हता तो. दुसरी तसबीरच न्हाई त्याची."

दौंडला परत आले त्या दुपारी मी पोळपाट उलटा घेऊन बसले. पाय काढून बघावेत असं मनात आलं. पपा सांधा करताना कधी खिळासुद्धा मारत नसत. खुंटी आणि सरस, बस्स. इथे मात्र तीन पितळी स्क्रू होते, त्यांच्यासारख्या सुताराला न शोभणारे. पिळले तर अलगद निघाले. आतल्या बाजूला तेल लावलेलं होतं, गंजू नयेत म्हणून.

ते काढता यावेत म्हणूनच लावले होते. आठ वर्षं.

मी दाताच्या ब्रशनं रेघांतलं जुनं पीठ काढलं. कंदिलाच्या काचेची काजळी खळीत कालवली. सुतळीची चकती केली, केळीचं सोपट बांधलं. पहिले चार कागद फुकट गेले. पाचव्यावर आबा आले. एक गाल पुसट, निऱ्या अर्ध्याच, पण नजर तीच. निळा रंग नव्हता. त्या रंगाचा ठसा वेगळा असतो, तो कुठेच सापडला नाही. दुसरी प्रत आत्यासाठी काढली. पहिली घेऊन शनिवारी पाबळला गेले.

पाशाचाचा चौसष्ट सालीच गेले होते. त्यांची बायको रोशनबी दारात बसली होती, एवढीशी, पाठीत वाकलेली. मी कोण ते सांगितलं. तिनं मला आत नेलं. भिंतीवर खिळ्याला ढोलकी लटकत होती, कातडं फाटलेलं. तिच्या शेजारी दुसरा खिळा होता. त्याला काहीच नव्हतं.

"तुझ्या बापाचं कार्ड आलं त्या दिशी ठोकला," ती म्हणाली. "म्हनले, हौशीला ढोलकीच्या बाजूला बशिवतो. शिरूरहून आले तवा हात रिकामा. म्या म्हनलं, काय झालं? तर म्हनले, रंग ओला हाय. मग जवा म्या खिळ्याला पिशवी अडकवायची तवा काढायचे. म्हनायचे, नको, वाळलं की येनार हाय त्यो."

मी पिशवीतून कागद काढून तिच्या हातात दिला. तिनं तो दाराच्या उजेडात नेला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"याच्यावर नाव होतं," मी म्हणाले. "ते कापलं गेलं."

"नाव कशाला? कान दिसतोय की." तिनं बुगडीवर बोट ठेवलं. मग ते बोट वळवून पाहिलं, काळं लागलंय का. "वाळलं व्हय?"

"हो, आजी. वाळलंय."

"लई दिस लागले."

मी म्हणाले, "असं नका लावू, खिळा गंजलाय. दौंडहून चौकट करून आणते, पुढच्या आठवड्यात."

तिनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. "आता आनखी थांबवू नगंस, बाय," ती म्हणाली, आणि टाचा उंचावून तिनं कागद खिळ्यावर दाबला.